क्वेबेक प्रांत दीड तासात: भिंतीवरचा नकाशा कसा काढावा आणि इतिहास कुठून सुरू करावा?

तुळजापूर वेस:

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या वाचनालयाचं अभ्यास मंडळ आहे, दर बैठकीत जगातला एक प्रदेश घेतो. पुढची बैठक कॅनडातल्या क्वेबेक प्रांतावर आहे. वेळ दीड तास. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, आणि बऱ्याच जणांच्या घरी मराठीबरोबर तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्यामुळे 'चारी बाजूंनी इंग्रजी असताना हा एक प्रांत फ्रेंच कसा राहिला' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येणार हे धरूनच चाललोय.

प्रोजेक्टर नाही. हाताने काढलेला मोठा नकाशा भिंतीवर लावायचा आहे. मोबाइलवर पाहून कच्चा आराखडा काढला तर क्वेबेक महाराष्ट्राच्या दहा-बारा पट दिसतोय, आणि क्षेत्रफळाचे आकडे पाहिले तर पाच पट. हे कशामुळे? कोणती मोजपट्टी घ्यावी, काय दाखवावं, काय गाळावं? इतिहासात तर सनावळ्यांचा ढीग आहे, त्यातलं काय घेतलं तर वरच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

भूगोल कोपरा:

आकडे बरोबर आहेत, मोबाइल चुकवतोय. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे मर्केटर प्रक्षेपणात असतात. त्यात विषुववृत्तापासून लांब गेलं की सगळं फुगतं. ४५ अंशांवर क्षेत्रफळ दुप्पट दिसतं, ६० अंशांवर चौपट. सोलापूर साडेसतरा अंशांच्या आसपास, इथे फुगवटा जेमतेम दहा टक्के. क्वेबेक साधारण ४५ ते साडेबासष्ट उत्तर अक्षांशांत पसरलाय. म्हणजे मुळात ५ पट असलेला प्रदेश (१५ लाख ४२ हजार चौ. किमी, आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजार) १२ पट दिसणारच. मोबाइलवरून ट्रेस करू नका.

कागद असा घ्या. इंपिरियल मापाच्या दोन ड्रॉइंग शीट, प्रत्येकी २२ × ३० इंच. लांब बाजू एकमेकींना जोडून उभ्या लावल्या की ७६ सेमी रुंद आणि ११२ सेमी उंच जागा मिळते. मोजपट्टी १ सेमीला २५ किमी. या हिशेबाने प्रांत ७८ सेमी उंच आणि ६४ सेमी रुंद येतो. १ सेमीला २० किमी घ्यायचा मोह होईल, पण मग रुंदी ८० सेमी होते आणि पूर्वेचा ब्लाँ-साब्लोंचा कोपरा कागदाबाहेर जातो.

जाळी आधी आखा, किनारा नंतर. ७०° पश्चिम रेखावृत्त ही आधाररेघ. ती कागदाच्या बरोबर मध्ये घेऊ नका, डाव्या कडेपासून ३३ सेमीवर घ्या, कारण प्रांत पूर्वेकडे जास्त लांब आहे. खालच्या कडेपासून २८ सेमी सोडून ४५° अक्षवृत्ताची आडवी रेघ, मग दर २२.२ सेमीला ५०°, ५५°, ६०°. आता प्रत्येक आडव्या रेघेवर दर ५ रेखांशांचं अंतर वेगळं: ४५° वर १५.८ सेमी, ५०° वर १४.३, ५५° वर १२.८, ६०° वर ११.२. हे बिंदू जोडले की रेखावृत्तं वर जाताना एकमेकींकडे झुकतात. सगळीकडे सारखं अंतर ठेवणं हीच हाताने काढलेल्या नकाशातली सर्वांत मोठी चूक असते, मग उत्तर टोकाचं उंगावा द्वीपकल्प मर्केटरसारखंच सुजतं. या पद्धतीत कडेला आकार थोडा तिरका होतो, पण क्षेत्रफळ खरं राहतं, आणि तुम्हाला तेच हवंय. त्याच मोजपट्टीचा महाराष्ट्र पुठ्ठ्यातून कापून घ्या, साधारण ३२ × २८ सेमी भरेल. बैठकीत तो क्वेबेकवर ठेवून फिरवता येतो.

कुणाकडे संगणक असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात क्वेबेकचं अधिकृत लँबर्ट प्रक्षेपण निवडा, क्रमांक ३२१९८, आणि नॅचरल अर्थ या संकेतस्थळावरची मोफत सीमारेषा टाका. छापील प्रत हाताशी असली की किनारा उतरवणं सोपं जातं. फक्त ती जाळी वर दिलेल्या जाळीपेक्षा वेगळी असते (अक्षवृत्तं कमानीसारखी वाकतात), त्यामुळे एकावर एक ठेवून ट्रेस करू नका. चौकटीगणिक पाहून उतरवा.

हमखास चुकणाऱ्या तीन जागा. पहिली, पूर्वेच्या शेजारी प्रांतातल्या लॅब्राडॉरची हद्द. ती १९२७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीने ठरवली. क्वेबेकने ती मनापासून कधीच मानली नाही, आणि प्रांत सरकारच्या नकाशांत आजही ती 'अंतिम नाही' अशा शेऱ्यासह येते. तुम्ही तुटक रेघ काढा आणि कडेला १९२७ लिहा, बेळगावचा विषय माहीत असलेल्या श्रोत्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. या हद्दीचा ५२° वरचा सरळ तुकडा तुमच्या दोन शीटच्या सांध्याच्या जेमतेम ३ सेमी वर येतो. रेघ चुकून सांध्यावर गेली तर शाई पसरते, म्हणून सांधा मागच्या बाजूने चिकटवा आणि ती रेघ सर्वांत शेवटी मारा. दुसरी, हडसन उपसागरातली बेटं. किनाऱ्याला चिकटून असली तरी ती क्वेबेकची नाहीत, नुनावुत या वेगळ्या उत्तरी प्रदेशाची आहेत. त्यांना रंग देऊ नका. तिसरी, सेंट लॉरेन्स नदीची दिशा. ती ओंटारिओ सरोवरातून निघून ईशान्येला समुद्राकडे वाहते. 'नदीच्या वरच्या अंगाला' म्हटलं की श्रोते उत्तरेकडे पाहतात, प्रत्यक्षात ते नैर्ऋत्य असतं. बाण काढाच.

आता रंग. खडकांप्रमाणे तीनच द्या. उत्तरेचा बहुतेक सगळा भाग कॅनेडियन शील्ड, म्हणजे अतिप्राचीन कठीण खडकांचा प्रदेश: उत्तर टोकाकडचे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने, दक्षिणेकडची ग्रेनव्हिल पट्टी सुमारे शंभर कोटी वर्षांची. आपल्या सोलापूरखालचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा, म्हणजे त्यापुढे अगदी कालचा. दक्षिण-पूर्वेला अॅपलेशियन डोंगर, गास्पे द्वीपकल्पापर्यंत. दोन्हींच्या मध्ये सेंट लॉरेन्सचं सखल खोरं, क्षेत्रफळाने अगदी किरकोळ, पण बहुसंख्य माणसं तिथेच राहतात. एकट्या मॉन्ट्रियल महानगरात प्रांताची निम्मी वस्ती आहे. (२०२१ च्या जनगणनेत प्रांत ८५ लाखांचा, महानगर ४३ लाखांच्या आसपास.)

त्या सखल खोऱ्यातली माती दोन वाक्यांत तरी सांगाच. हिमयुग संपताना, सुमारे १३ हजार वर्षांपूर्वी, बर्फाच्या वजनाने दबलेल्या जमिनीवर समुद्र आत शिरला, त्याला शांप्लेन समुद्र म्हणतात. त्याच्या तळाशी बसलेली चिकणमाती आज शेतीला उत्तम आहे, पण तिचे कण पत्त्यांच्या बंगल्यासारखे रचलेले असतात आणि ती रचना खाऱ्या पाण्यातल्या मिठाने धरून ठेवलेली होती. हजारो वर्षांच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन गेलं. आता नदीने काठ कातरला किंवा जोराचा पाऊस झाला की ती रचना कोसळते आणि घट्ट जमीन पातळ होऊन वाहू लागते. सागने भागातही अशीच माती आहे. तिथल्या सेंट-ज्याँ-व्हियाने गावात ४ मे १९७१ च्या रात्री हेच झालं, सुमारे ४० घरं गेली, ३१ माणसं मेली. पुढे ते गावच उठवलं.

तुळजापूर वेस:

सर, मोजपट्टीचा घोळ एकदाचा सुटला. पुठ्ठ्याचा महाराष्ट्र नक्की करणार. आता इतिहासाचं कुणीतरी मनावर घ्या.

मोडीवाचक:

सनावळी बाजूला ठेवा आणि नदीपासून सुरू करा. क्वेबेकमध्ये वसाहत म्हणजे नदीकाठ, तीनशे वर्षं जवळपास तेवढंच. जाक कार्तिए १५३४ मध्ये गास्पेला उतरला आणि १५३५ मध्ये नदीतून वर आज जिथे मॉन्ट्रियल आहे तिथवर गेला. पुढे धावत्या पाण्याचे टप्पे लागतात, आजचे लाशीन, तिथून जहाज पुढे जात नाही. म्हणून मॉन्ट्रियल तिथे आहे. १८२५ मध्ये लाशीन कालवा झाला, १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स सीवे हा मोठ्या जहाजांचा जलमार्ग, मग २२५ मीटर लांबीची जहाजं थेट ओंटारिओ सरोवरात जाऊ लागली. दुसरी जागा क्वेबेक शहराची. तिथे नदी एकदम आवळते, जवळपास एक किलोमीटर, आणि काठावर सरळ कडा. तोफा लावल्या की सगळी नदी बंद. साम्युएल द शांप्लेंने १६०८ मध्ये ठाणं टाकलं ते तिथेच. २८ माणसं होती, पहिला हिवाळा ८ जणांनी पाहिला. स्कर्व्ही आणि हगवण ही कारणं.

आता जमीन, कारण सोलापूरकरांना हा भाग मनापासून कळेल. फ्रेंच राजाने नदीकाठचे पट्टे सेन्योर म्हणजे जमीनदारांना दिले, त्यांनी शेतकऱ्यांना. शेतकऱ्याचा तुकडा ठरावीक मापाचा: ३ आर्पां रुंद, ३० आर्पां लांब. लांबीचा एक आर्पां म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न मीटर. म्हणजे नदीवर १७५ मीटर तोंड आणि आत पावणेदोन किलोमीटर लांबी, सुमारे ७६ एकर. एवढा लांबट तुकडा का? नदी हाच रस्ता, उन्हाळ्यात होडी आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडी, त्यामुळे प्रत्येकाला पाण्यावर दार हवं. शिवाय एकाच पट्ट्यात काठाचं गवत, मग शेत, आणि मागे सरपणाचं जंगल असं सगळं मिळतं, आणि शेजाऱ्याचं घर हाकेच्या अंतरावर राहतं. काठ भरला की मागे समांतर रस्ता काढून दुसरी ओळ. उपग्रहाच्या चित्रात क्वेबेक शहराजवळचं ऑर्लेआं बेट किंवा रिशल्यू नदीचा काठ उघडा, फणीच्या दातांसारखे पट्टे आजही दिसतात. नकाशाच्या खालच्या मोकळ्या जागेत असा एक पट्टा मापात काढा: १ सेमीला १०० मीटर, म्हणजे पावणेदोन सेमी बाय साडेसतरा सेमी.

बिघडलं कुठे तर वाटणीत. मुलांना समान वाटा, आणि प्रत्येकाला नदीचं तोंड हवं, म्हणून पट्टा उभाच चिरायचा. दोन पिढ्यांत तो इतका चिंचोळा झाला की घर भागेना. शेवटी १७४५ मध्ये हुकूम निघाला की दीड आर्पां रुंद आणि तीस लांब यापेक्षा लहान तुकड्यावर घर बांधायचं नाही. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदी कायदा ज्या दुखण्यावर आला तेच दुखणं, दोनशे वर्षं आधी. शेतकऱ्याचं देणंही सांगा: सेन्योरच्या गिरणीत दळलं तर चौदावा हिस्सा, चर्चला धान्याचा सव्विसावा. ही पद्धत कायद्याने गेली ती थेट १८५४ मध्ये, इंग्रजी अमलात.

आणि मग १७५९. १३ सप्टेंबरला क्वेबेक शहराबाहेरच्या अब्राहमच्या माळावर लढाई झाली, अर्ध्या तासाच्या आत निकाल. इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा मॉन्काल्म दोघेही त्यात गेले. पुढच्या वर्षी ८ सप्टेंबरला मॉन्ट्रियलने शस्त्रं ठेवली. हे युद्ध आपल्यालाही परकं नाही. सप्तवार्षिक युद्ध तेच, वांदिवाशची लढाई जानेवारी १७६० ची, आणि पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडलं ते जानेवारी १७६१ मध्ये, पानिपताच्याच आठवड्यात. पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी फ्रेंच बुसीच्या कवायतीत तयार झालेला. १० फेब्रुवारी १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सला पाँडिचेरी परत मिळालं, ग्वादलूप आणि मार्टिनिक ही बेटं परत मिळाली, कॅनडा मात्र सोडावा लागला. बेटांवर ऊस होता, साखरेचा पैसा होता. कॅनडातून प्राण्यांची केसाळ कातडी (फर) येत आणि खर्चच जास्त होई. साखरेपुढे देश सोडला हे सोलापूर जिल्ह्यात सांगितलं की कुणी झोपणार नाही.

सात रस्ता:

एक शंका. जिंकल्यावर इंग्रजांनी फ्रेंच लोकांचा धर्म आणि कायदा राहू दिला, हा त्यांचा उदारपणा असं एका व्याख्यानात ऐकलं होतं. पटत नाही.

मोडीवाचक:

पटू नयेच. १७६३ चा पहिला बेत उलटाच होता: इंग्रजी कायदा लावायचा, इंग्रज वस्ती आणायची, आणि कॅथलिक माणसाला सरकारी शपथ घेताच येणार नाही अशी अट. तो फसला, कारण इंग्रज आलेच नाहीत. साठ-सत्तर हजार फ्रेंच शेतकरी आणि मूठभर इंग्रज व्यापारी, कारभार कुणाच्या जिवावर करणार? त्यातच दक्षिणेच्या तेरा वसाहती पेटायला लागल्या. १७७४ चा क्वेबेक कायदा या भीतीतून आला. दिवाणी कायदा फ्रेंच, फौजदारी इंग्रजी, कॅथलिकांना अधिकारपदं खुली, चर्चचा धान्यहिस्सा वसूल करायची मुभा, सेन्योर पद्धत कायम. धर्मगुरू आणि जमीनदार खूश. पुढच्याच वर्षी अमेरिकन फौजा क्वेबेकवर चालून आल्या आणि ३१ डिसेंबर १७७५ च्या हल्ल्यात हरल्या. तिथला दिवाणी कायदा आजही इंग्रजी वळणाचा नाही, लिखित संहितेचा आहे. तुमच्या 'टिकला कसा' या प्रश्नाचं अर्धं उत्तर १७७४ मध्ये आहे. उरलेलं चर्चच्या शाळा, मोठी कुटुंबं आणि १८३७-३८ च्या बंडानंतरच्या चिवट राजकारणात. फ्रेंच पुढारी पापिनोच्या त्या बंडाला पाचच मिनिटं द्या, पण १८४० चा एकीकरण कायदा सोडू नका. वरचा कॅनडा (आजचा ओंटारिओ, इंग्रजी) आणि खालचा कॅनडा (आजचा क्वेबेक) एकत्र करून फ्रेंचांना अल्पमतात आणायचं असा तो डाव होता, आणि १८६७ च्या संघराज्यात क्वेबेक पुन्हा वेगळा प्रांत झाला तेव्हा तो उलटला.

७६५ केव्ही:

वरच्या दोघांनी दक्षिण छान बांधली. पण निम्मा नकाशा उत्तरेचा आहे, आणि १९६० नंतरचा क्वेबेक तिथून समजतो. आधी हे लक्षात घ्या की उत्तर मुळात प्रांतात नव्हतीच. १८९८ मध्ये हद्द ईस्टमेन नदीपर्यंत वाढली, १९१२ मध्ये थेट हडसन सामुद्रधुनीपर्यंत. १९१२ च्या कायद्यात एक अट होती, की तिथल्या मूळ रहिवाशांचे हक्क प्रांताने मान्य करून रीतसर व्यवहार करायचा. साठ वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. १९७१ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी जेम्स बे हा जलविद्युत प्रकल्प जाहीर केला, तिथले मूळ रहिवासी क्री आणि इनुइट लोक कोर्टात गेले, आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती मालूफ यांनी काम थांबवायचा हुकूम दिला. आठवड्यात वरच्या कोर्टाने तो उठवला, पण सरकारला कळून चुकलं होतं. ११ नोव्हेंबर १९७५ चा करार त्यातून झाला: २२.५ कोटी डॉलर भरपाई, ठरावीक क्षेत्रात शिकार-मासेमारीचा हक्क, स्वतःच्या शाळा आणि आरोग्य मंडळं. नकाशावर १८९८ आणि १९१२ च्या रेघा काढल्यात तर हा सगळा भाग दोन मिनिटांत सांगून होतो.

आकडे. रॅडिसन गावाजवळचं रोबेर-बुरासा वीजकेंद्र ५,६१६ मेगावॉट, जमिनीखाली. आपलं एनटीपीसी सोलापूर १,३२०. मॅनिक-५ चं धरण २१४ मीटर उंच, १,३१४ मीटर लांब. त्यामागचं मॅनिकुआगान जलाशय कंकणाकृती आहे, कारण ते सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीच्या अशनीपाताच्या विवरात भरलंय. व्यास ७० किमीच्या आसपास, तुमच्या नकाशावर जवळपास ३ सेमीचं कडं, ५१° च्या थोडं वर आणि ६९° पश्चिमेच्या जवळ. एकूण साठा सुमारे १४० घन किमी. उजनी मृतसाठ्यासह ११७ टीएमसी म्हणजे ३.३ घन किमी, त्याच्या चाळीस पटींहून जास्त.

वीज उत्तरेत, माणसं हजार किमी दक्षिणेला. तारेतली घट विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून दाब दुप्पट केला की त्याच विजेला प्रवाह निम्मा आणि घट चतुर्थांश. १९६५ मध्ये हायड्रो-क्वेबेक या सरकारी वीज कंपनीने जगातली पहिली ७३५ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनी सुरू केली. आपल्याकडे दक्षिणेची ग्रीड देशाशी जोडणारी सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही वाहिनी २०१३ च्या शेवटी आली, मनोरे पाहिलेले असल्याने श्रोत्यांना कल्पना येईल.

बिघाड दोन सांगा. १३ मार्च १९८९ च्या पहाटे सूर्याकडून आलेल्या चुंबकीय वादळाने सगळी ग्रीड दीड मिनिटात पडली, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. शील्डचा खडक वीज वाहून नेत नाही, त्यामुळे जमिनीत उत्पन्न झालेला प्रवाह लांबलचक वाहिन्यांत शिरला, ट्रान्सफॉर्मर संपृक्त झाले, दाब सांभाळणारी यंत्रं एकामागे एक ट्रिप झाली. नंतर वाहिन्यांत मालिकेत कपॅसिटर बसवले, ते असा एकदिश प्रवाह अडवतात. दुसरा, जानेवारी १९९८ चं हिमवादळ. वर उबदार हवा, खोऱ्यात अडकलेली गोठणबिंदूखालची हवा, त्यामुळे पाऊस पाणी म्हणूनच पडला आणि तारेला लागताच गोठला. मॉन्ट्रियलच्या दक्षिणेला काही ठिकाणी १०० मिमीच्या घरात. एक मनोरा पडला की तारांचा ताण एका बाजूचा सुटतो आणि तो शेजारच्याला ओढतो, अशा रांगाच्या रांगा पडल्या. काही गावांत पाच आठवडे वीज नव्हती. उपाय म्हणून ठरावीक अंतराने जास्त भक्कम मनोरे घातले, रांग तिथे थांबावी म्हणून.

ब्रिक्स:

साखरेचा विषय निघालाच आहे तर मेपल झाडाच्या रसाचा पाक राहू नये. जगातला सुमारे ७० टक्के मेपल पाक एकट्या क्वेबेकचा, आणि तो येतो सखल खोऱ्याच्या कडेने आणि अॅपलेशियन उतारांवरून, बोस भागातून खास करून. उत्तरेत साखर-मेपल उगवत नाही, त्यामुळे नकाशावर ५०° च्या वर पान काढू नका.

हंगाम मार्च-एप्रिल. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असं तापमान फिरलं की खोडातला दाब बदलतो आणि रस सुटतो. सलग थंडी किंवा सलग ऊब आली की धार बंद. कळ्या फुटल्या की रसाला उग्र चव येते, हंगाम संपला. खोड किमान २० सेमी जाड हवं, भोक सुमारे ८ मिमीचं आणि ४-५ सेमी खोल, दर वर्षी नव्या जागी. आपल्या उसाचा रस १८-२० ब्रिक्स (शंभर भागांत विरघळलेली साखर) असतो, हा फक्त २ च्या आसपास. कारखान्यातल्या मंडळींसाठी हिशेब सोपा: ८६ ला रसाच्या ब्रिक्सने भागा, तितके लिटर रस एका लिटर पाकाला. २ ब्रिक्सला ४३ लिटर. पाक ६६ ब्रिक्सवर उतरवायचा, म्हणजे पाण्याच्या उकळबिंदूच्या ४ अंश वर. कमी ठेवला तर आंबतो, ६७ च्या पुढे गेला तर बाटलीत खडे धरतो. सगळं पाणी आगीवर उडवणं परवडत नाही म्हणून आता आधी रिव्हर्स ऑस्मॉसिसने बरंचसं काढतात.

जुनी मिल:

भाषेचं थोडं मी सांगतो. १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये गेले, बहुतेक कापड गिरण्यांत: लोवेल, मँचेस्टर, फॉल रिव्हर. घरी जमिनीचे तुकडे पुरेनात, तिकडे अख्खं कुटुंब कामाला लागे. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं सोलापुरात मागावर आली, त्यांच्या घरी हे समजावून सांगावं लागणार नाही. फरक पुढे पडला. न्यू इंग्लंडमध्ये त्यांची भाषा दोन-तीन पिढ्यांत गेली, क्वेबेकमध्ये राहिली, कारण तिथे विधानसभा हातात होती.

१९६० चा मुद्दा यासाठी घ्या. २२ जून १९६० ला ज्याँ लसाज यांचा पक्ष निवडून आला आणि ते मुख्यमंत्री झाले, आपला महाराष्ट्र झाल्याला दोन महिनेही झाले नव्हते. शाळा आणि दवाखाने चर्चकडून सरकारकडे आले, १९६३ मध्ये वीज कंपन्या सरकारी झाल्या, ते काम रने लेवेक या मंत्र्याने रेटलं. तेच लेवेक १९७६ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि २६ ऑगस्ट १९७७ ला फ्रेंच भाषेची सनद आली, तिला 'कायदा १०१' म्हणतात. इथे व्याख्यानांत हमखास चूक होते: 'इंग्रजीवर बंदी' असं सांगतात. तसं नाही. सरकारी इंग्रजी शाळेत कोण जाऊ शकतं यावर बंधन आहे, साधारणपणे आई किंवा वडिलांचं बहुतेक प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीतून झालेलं हवं. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत. पाट्या आधी फक्त फ्रेंच होत्या. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं, आणि १९९३ पासून दुसरी भाषा चालते, पण फ्रेंच स्पष्टपणे ठळक हवी. आपल्याकडच्या मराठी पाट्यांच्या वादाशी हे जोडू शकता, पण शाळेचा नियम जास्त परिणामकारक ठरला हे सांगायला विसरू नका.

कॅनडापासून वेगळं व्हायचं का यावरच्या दोन सार्वमतांचे आकडे फळ्यावर लिहा. २० मे १९८०: विरोधात ५९.५६ टक्के. ३० ऑक्टोबर १९९५: विरोधात ५०.५८, बाजूने ४९.४२, फरक ५४,२८८ मतांचा, मतदान ९३ टक्क्यांवर.

तुळजापूर वेस:

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचं एक. खाली २८ सेमीची पट्टी मोकळी आहे. जमिनीचा पट्टा एका कडेला जाईल. उरलेल्या जागेत एकच मोठी आकृती काढायची तर कशाची?

भूगोल कोपरा:

क्वेबेक शहराजवळच्या आवळलेल्या नदीची, १७५९ दाखवून. १ सेमीला ५०० मीटर घ्या, पन्नास सेमीत २५ किमी बसतात: डावीकडे शहराच्या वरच्या अंगाचा कडा, उजवीकडे मोंमोरांसी धबधबा आणि ऑर्लेआं बेटाचं टोक. नदी शहरापुढे फक्त २ सेमी रुंद येईल, तिथे जाड रेघ द्या. समोरच्या काठावर लेव्हीला इंग्रजांच्या तोफा. धबधब्याजवळ ३१ जुलैचा फसलेला हल्ला, लाल फुलीने. शहराच्या वर सुमारे ३ किमीवर, म्हणजे ६ सेमी डावीकडे, फुलों नावाची खाच: कडा पन्नास मीटरच्या आसपास आणि वर जाणारी एक वाट. इथे समुद्राची भरती-ओहोटी चढते, म्हणून वुल्फच्या होड्या रात्री दोनच्या सुमाराला ओहोटीबरोबर वरून खाली आल्या, वल्ह्यांचा आवाज फारसा न करता, आणि चारच्या सुमाराला लागल्या. ओहोटीचे बाण निळ्याने, होड्यांचे काळ्याने, दोन्ही डावीकडून उजवीकडे. बहुतेक जण होड्यांचा बाण समुद्राकडून वर काढतात. तो जुलैच्या हल्ल्यापर्यंत बरोबर आहे, सप्टेंबरला उलटा. कड्याच्या उभ्या छेदाची एक छोटी आकृती बाजूला द्या, त्यात उभी मोजपट्टी आडवीच्या दहा पट ठेवा आणि तसं खाली लिहा, नाहीतर पन्नास मीटर एक मिलिमीटरचे होतील आणि कुणाला दिसणार नाहीत.